भाग गेला की थांबावे

निःशेषरावांना सोसायटीचं सचिव करावं असं कुणाच्याही मनात नव्हतं. अध्यक्ष सोडून सभेला नऊ जण हजर होते. "सचिव कोण होतंय?" असं अध्यक्षांनी विचारताच आठ जणांनी आपापल्या चपलांकडे बघितलं. निःशेषराव त्या वेळी समोरच्या कॅलेंडरावरची तारीख नवाने भागून बघत होते, त्यामुळे त्यांची एकट्याची मान वर राहिली. अध्यक्षांनी ती मान पाहिली आणि सभा संपवली. पुढे जे रामायण झालं त्याची सुरुवात इतकी साधी होती.

निःशेषराव हे त्यांचं खरं नाव नव्हे हे सांगायला नको. वाहनांना नंबर देणाऱ्या सरकारी कचेरीत तेहेतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. तेहेतीस वर्षं नंबर वाटलेल्या माणसाने निवृत्तीनंतर निदान नंबरांचा तरी नाद सोडावा. यांनी तो घरी आणला. समोर कुठलाही आकडा आला, की त्याला कशाने भाग जातो ते बघायचं, आणि बाकी उरली नाही की "निःशेष!" असं मोठ्याने म्हणायचं. दवाखान्यातल्या टोकनाला म्हणायचं, तराजूच्या काट्याला म्हणायचं. एकदा तर शेजारच्या इमारतीतल्या आजोबांना न्यायला आलेल्या शववाहिकेचा नंबर बघून हे दारातच "निःशेष!" म्हणाले होते. आजोबांच्या सुनेने अजून यांच्याशी बोलणं सुरू केलेलं नाही.

त्यांची पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तीस वर्षं तिने दुसरी-तिसरीच्या मुलांकडून पाढे म्हणवून घेतले. निःशेषरावांना त्याचं काही कौतुक नव्हतं. "पाढे म्हणजे पाठांतर. ते पोपटालाही येतं. गणित वेगळं," असं ते चारचौघांत, पत्नीच्या देखत सांगत. पत्नी काही बोलायला गेली तर तिचं वाक्य अर्ध्यावर तोडायची त्यांना सवय होती. अडतीस वर्षांच्या संसारात तिची किती वाक्यं पूर्ण झाली, हे एका हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं.

आणि या सगळ्यामागे एक दुखरी जागा होती, ती सांगितली नाही तर पुढचं काही कळणार नाही. कोड्यांचं एक मासिक निघे. त्यात दर महिन्याला एका वाचकाचं कोडं त्याच्या नावासकट छापत. निःशेषराव त्या मासिकाचे एकोणीस वर्षं वर्गणीदार होते आणि एकोणीस वर्षांत त्यांनी अठ्ठेचाळीस कोडी पाठवली होती. बाराव्या दिवशी उत्तर येई. छापील पोस्टकार्ड, "आपले कोडे वापरता येत नाही, लोभ असावा." अशी अठ्ठेचाळीस कार्डं. शेवटचं कार्ड दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या हातात पडलं, आणि त्यांनी ते आणून देताना जिन्यातच मोठ्याने वाचलं. वर "लोभ असावा म्हणतायत, बघा," असंही म्हणाले. आपलं नाव एकदा तरी त्या मासिकात छापून यावं आणि ते डॉक्टरांनी वाचावं, एवढीच आता निःशेषरावांची आयुष्याकडे मागणी उरली होती.

सचिव झाल्यावर त्यांच्यापुढे पहिलंच काम आलं ते घरांच्या नंबरांचं. इमारतीला चार मजले, खाली गाड्या, प्रत्येक मजल्यावर सहा घरं. पण नंबर दिले होते ते जो जसा राहायला आला तसे. त्यामुळे एक नंबर चौथ्या मजल्यावर, दोन नंबर पहिल्यावर आणि तीन नंबर पुन्हा चौथ्यावर. नवखा माणूस अर्धा दिवस जिन्यातच काढायचा. अध्यक्ष म्हणाले, "सोपं आहे. पहिल्या मजल्याला एकशेएक, एकशेदोन. दुसऱ्याला दोनशेएक. सगळीकडे असतं तसं."

अध्यक्षांचं गाद्यांचं दुकान होतं आणि त्यांना आडवं पडण्याजोग्या गोष्टीच आवडत. निःशेषरावांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"एकशेएक हा लॉजच्या खोलीचा नंबर असतो," ते म्हणाले. "आपण माणसं आहोत की मुक्कामी?"

घरी येऊन त्यांनी चार दिवस कागद काळे केले आणि पाचव्या दिवशी त्यांना जे सुचलं त्याला ते 'भाजक रचना' म्हणू लागले. ती अशी. प्रत्येक मजल्याला एक भाजक. पहिल्याला पाच, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला अकरा, चौथ्याला तेरा. दोन आणि तीन हे आकडे त्यांनी आधीच नापास केले. ते उथळ आहेत, कुणालाही भागतात. आता ज्या मजल्यावरचं घर, त्या मजल्याच्या भाजकाने घराच्या नंबराला निःशेष भाग गेला पाहिजे, आणि इतर कुठल्याही मजल्याच्या भाजकाने जाता कामा नये. म्हणजे नंबर हातात आला की माणसाने तो भागायचा, की मजला कळला. शिवाय नंबर शंभराच्या आतच हवा, पुढे गेला की लॉज. पस्तीस, पंचावन्न, पासष्ट, सत्त्याहत्तर असे दोन्हीकडचे फितूर आकडे त्यांनी शोधून शोधून हाकलून दिले. आपण राहतो त्या चौथ्या मजल्यासाठी तेरा, सव्वीस, एकोणचाळीस, बावन्न, अठ्ठ्याहत्तर आणि एक्क्याण्णव हे सहा उरले. त्यातला सगळ्यात मोठा त्यांनी स्वतःला घेतला.

"एक्क्याण्णव," ते पत्नीला म्हणाले. "कसा दिसतो बघ. एकदम अलिप्त. कुणाच्या हाताला लागायचा नाही."

पत्नी भाजी निवडत होती. तिने ओठ हलवून काहीतरी म्हणून बघितलं आणि मान वर केली. "अहो, पण एक्क्याण्णवला तर..."

"तुझे पाढे नकोत इथे."

"पाढ्यातच आहे ते. तेरा..."

"तेरानेच जातो, माहीत आहे मला! मीच दिलाय तो. हे गणित आहे, घोकंपट्टी नव्हे."

पत्नीने त्यांच्याकडे क्षणभर बघितलं आणि पुन्हा भाजी निवडायला घेतली. वर्गात हात वर न करता ओरडणाऱ्या मुलाकडे ती अशीच बघत असे.

नंबर वाटायची सभा झाली ती न झाली असती तर बरं. अध्यक्षांना एक नंबर हवा होता. "एकाला पाचाने भाग जात नाही," निःशेषराव म्हणाले. "मी सांगितलंय म्हणून सांगा की त्याला," अध्यक्ष म्हणाले. भागाकारापुढे दुकानदाराचा शब्द चालत नाही हे त्यांना पटेना. शेवटी त्यांना दहा नंबर दिला आणि त्यात एक आहेच, पुढचं शून्य मनावर घेऊ नका, अशी समजूत घातली. चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी तेरा नंबर अशुभ म्हणून नाक मुरडलं. "अशुभ काही नसतं, फक्त मूळ संख्या असते," असं सचिवांनी ऐकवल्यावर त्या रडायला लागल्या. मग दातांचे डॉक्टर उठले.

"मला बत्तीस द्या. माझ्या धंद्याला शोभतो."

"बत्तीसला साताने भाग जात नाही. तुम्हाला अठ्ठावीस."

"अहो, पण दात बत्तीस असतात!"

"अक्कलदाढा वजा केल्या की अठ्ठावीस," निःशेषराव म्हणाले. "तुम्हाला अठ्ठावीसच बरोबर बसतो."

सभा हसली. डॉक्टर हसले नाहीत. ते शांतपणे खाली बसले, आणि जो माणूस दिवसभर दुसऱ्याच्या जबड्यात बोटं घालून शांत बसू शकतो त्याच्या शांततेला भ्यायला हवं, हे निःशेषरावांच्या डोक्यात आलं नाही.

नव्या नंबरांची पालिकेत नोंद करणं आलं. तिथल्या कारकुनाने यादी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

"चौथ्या मजल्यावर सव्वीसनंतर एकदम एकोणचाळीस. मधली बारा घरं कुठायत?"

"ती नाहीत."

"नाहीत म्हणजे? बांधली आणि कळवली नाहीत?"

"बांधलीच नाहीत. त्या आकड्यांना तेराने भाग जात नाही."

"ते तुमचं घरगुती झालं. शेवटचा नंबर एक्क्याण्णव आहे, म्हणजे घरं एक्क्याण्णव. तुम्ही दाखवताय चोवीस."

निःशेषरावांनी त्याला भाजक रचना समजावून सांगितली. कारकुनाने ती संपूर्ण ऐकून घेतली आणि शेवटी चौकशी लावली. आठ दिवसांनी मोजणीची फीत घेऊन एक निरीक्षक आला. त्याने भिंती ठोकून पाहिल्या, पाण्याच्या टाकीत वाकून पाहिलं, गाण्याच्या बाईंचं कपाट उघडायला लावून त्याच्या मागे सत्तावीस नंबर आहे का ते पाहिलं. अहवालात त्याने लिहिलं, "एक्क्याण्णवपैकी चोवीस घरे जागेवर आढळली. उर्वरित सदुसष्ट गहाळ." तरी नोंद झाली, कारण गहाळ घरांसाठी अर्जात वेगळा रकाना होता. शिक्का मारताना कारकून म्हणाला, "एकदा नोंदलेला नंबर पाच वर्षं बदलता येणार नाही, बघा."

"पाच?" निःशेषराव खूश होऊन म्हणाले. "पाच आपलाच आहे."

पेंटरने दारांवर नंबर रंगवले. तिसऱ्या मजल्यावर त्याने अकराच्या शेजारी सवयीने बारा काढला. आपल्या तीस वर्षांच्या कामात अकरानंतर बाराच येत आलाय, असं त्याचं म्हणणं पडलं. बारा खरवडून बावीस करावा लागला आणि त्या दारावर तो डाग कायमचा राहिला. मग प्रवेशद्वाराशी पाटी लागली. तिचा मजकूर निःशेषरावांनी स्वतः लिहिला होता:

"येणाऱ्यांस सूचना. घराच्या क्रमांकास प्रथम पाचाने, नंतर साताने, नंतर अकराने, नंतर तेराने भागावे. भाग गेला की थांबावे. पाच: पहिला मजला. सात: दुसरा. अकरा: तिसरा. तेरा: चौथा. हुकुमावरून, सचिव."

हुकूम कुणाचा होता ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

पहिल्याच आठवड्यात जिन्याच्या भिंती भागाकारांनी भरल्या. सामान पोचवणारी माणसं कागद घेऊन हिंडत नाहीत, ती खिशातल्या पेन्सिलीने भिंतीवर गणित करू लागली. अध्यक्षांनी नुकताच रंग दिलेला होता. आता पहिल्या वळणावर चौऱ्याऐंशी भागिले पाच, दुसऱ्या वळणावर त्याचीच दुरुस्ती, आणि एका ठिकाणी कुणीतरी वैतागून नुसतंच "जमत नाही" असं लिहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने मागवलेलं गरम जेवण गार होऊन पोचलं, कारण आणणाऱ्याने सहासष्टला साताने भागताना हातचा घेतला होता. सचिवांनी त्याला तिथेच उभं करून भागाकारात हातचा नसतो हे समजावलं, तोवर उरलेलंही गार झालं.

पुढच्या रविवारी पत्नीचे भाऊ आले. म्हणजे यायला निघाले. दोन पिशव्या घेऊन त्यांनी पाटी वाचली, एक्क्याण्णव भागला, जिना चढले, सहा दारं वाजवली, सहाही ठिकाणी परकी माणसं बघितली आणि पिशव्यांसकट परत गेले. फोनवर म्हणाले, "तुमच्या मजल्यावर गेलो होतो. तिथे तुम्ही नव्हता."

"कुठल्या मजल्यावर गेला होतात?"

"दुसऱ्या. पाटीवर लिहिलंय तसा."

निःशेषरावांनी फोन ठेवून दिला. "तुझ्या माहेरी कुणालाच भागाकार येत नाही," ते पत्नीला म्हणाले. पत्नीने तोंड उघडलं, त्यांच्या तर्जनीकडे पाहिलं आणि मिटलं.

एक माणूस मात्र या सगळ्यात मनापासून रमला, तो म्हणजे पोस्टमन. घराघराच्या पेट्या गंजून गेल्या होत्या, म्हणून अध्यक्षांनी दुकानातल्या चार लाकडी पेट्या खाली ठेवल्या होत्या, एका मजल्याला एक. पोस्टमनने पत्र बघायचं, नंबर भागायचा आणि त्या मजल्याच्या पेटीत टाकायचं. निःशेषरावांनी त्याला तीन दिवस शिकवलं. पोस्टमन प्रामाणिक होता, बोटांवर मोजत का होईना पण कधीही न चुकता भागायचा, आणि भाग गेला की पाटीत सांगितल्याप्रमाणे थांबायचा. "साहेब, नोकरीत इतकी मजा कधी आली नव्हती," तो म्हणाला. त्याचं हे वाक्य निःशेषरावांनी सोसायटीच्या इतिवृत्तात घेतलं.

पेट्यांवर त्यांनी आणखी एक सूचना डकवली. ती खास डॉक्टरांसाठी होती हे सगळ्यांना कळलं. "आपल्या घराच्या क्रमांकाचे नसलेले टपाल उचलू नये, हलवू नये, वाचू नये व त्यासंबंधी चर्चा करू नये." जिन्यात पोस्टकार्ड वाचल्याचा तो सूड होता.

आणि मग त्यांनी एकोणपन्नासावं कोडं पाठवलं. भाजक रचना, नकाशासकट, चोवीस घरांच्या यादीसकट, "प्रत्यक्ष अमलात असलेली" असं लाल शाईने अधोरेखित करून. खाली पूर्ण नाव आणि पत्ता, घर क्रमांक एक्क्याण्णव. मजला मुद्दाम लिहिला नाही, कारण तो भागून काढता येत होता.

बारा दिवस गेले. नकाराचं कार्ड आलं नाही. पंधरा गेले, वीस गेले.

"नकार नाही याचा अर्थ काय होतो?" त्यांनी अध्यक्षांना जिन्यात गाठून विचारलं. अध्यक्षांना भिंतीचं दुःख होतं, ते बोटाने एक भागाकार पुसत राहिले. "होकार! दुसरं काय होणार?"

हे त्यांनी पुढच्या सभेत जाहीरच केलं. सभा खरं तर भिंतींबद्दल होती. डॉक्टर म्हणाले, "ही रचना रद्द करा, दारावर एकशेएक रंगवा. पालिकेच्या वहीत काय ते राहू दे." सगळ्यांनी माना डोलावल्या. निःशेषराव ताडकन उठले. ज्या गोष्टीची दखल एक आख्खं मासिक घेतंय ती गोष्ट एक गादीवाला आणि एक दातवाला मिळून रद्द करणार का, असं त्यांनी विचारलं. शेवटी तोडगा निघाला तो अध्यक्षांचा. मासिकात सचिवांच्या नावासकट ही रचना छापून आली, तर ती राहील आणि ते पान चौकटीत घालून प्रवेशद्वाराशी लावू. नाही आली, तर एकशेएक आणि सचिवांनी स्वतः जिना धुवून काढायचा. मुदत पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारपर्यंत.

"कबूल," निःशेषराव म्हणाले.

"मलाही कबूल," डॉक्टर म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

इकडे निःशेषरावांच्या घरी टपाल येणंच बंद झालं होतं. मासिकाचा अंक दर पाच तारखेला येई, तो आला नाही. त्यांनी ठरवलं की आपल्या रचनेला जास्त पानं लागल्यामुळे छपाई लांबली असणार. मेहुण्यांच्या मुलीचं लग्न झालं, त्याची पत्रिकासुद्धा आली नाही. "पिशव्या परत नेल्याचा राग आहे त्याला. बोलावणं नाही तिथे मी पाऊल टाकणार नाही," असं म्हणून ते लग्नाच्या दिवशी घरात पाय दुमडून बसले. पत्नी एकटी गेली. जाताना दारात उभी राहून ती एवढंच म्हणाली, "दुसऱ्या मजल्याच्या पेटीत एकदा बघितलंत का?"

"दुसऱ्यांच्या टपालाला हात लावायचा? माझाच नियम मी मोडू?"

खरं सांगायचं तर ते आतून पोखरले होते. रोज सकाळी चौथ्या मजल्याच्या पेटीत हात घालून ते तळ चाचपत. दिवसातून चार वेळा गॅलरीत येऊन पोस्टमनची वाट बघत, आणि तो दिसला की पेपर वाचत असल्याचं दाखवत. एकोणीस वर्षांत नकार तरी येत होता. नकारात निदान आपलं नाव लिहिलेलं असायचं. आता तर कुणी नाहीसुद्धा म्हणेना, आणि ही गोष्ट त्यांना इतकी लागली की एका सकाळी त्यांनी दुधाच्या पिशवीवरचा नंबर न भागताच दूध तापायला दिलं. पत्नीने ते बघितलं आणि तिला त्यांची कीव आली. पण तीस वर्षांच्या नोकरीत ती एक गोष्ट शिकली होती. विचारल्याशिवाय सांगितलेलं उत्तर मुलांच्या डोक्यात राहत नाही.

तिसरा रविवार उजाडला. सकाळी दहाला खाली गाड्यांच्या जागेत खुर्च्या मांडल्या. डॉक्टर बादली आणि ब्रश घेऊन आले होते आणि ते त्यांनी सचिवांच्या खुर्चीशेजारी नीट ठेवले. अध्यक्षांनी घसा साफ केला. "तर मग, आलं का काही छापून?"

निःशेषराव उठले. "छपाई..." ते म्हणाले, आणि तेवढ्यात फाटकातून पोस्टमन आत आला. रविवारचा, बिनगणवेशाचा, पण खांद्यावर एक पोतं घेऊन.

"साहेब, बरं झालं सगळे भेटले," तो धापा टाकत म्हणाला. "काल उशिरा एवढी कार्डं आली. दुसऱ्या मजल्याच्या पेटीत आता मावत नाहीत. काय करू?"

"दुसऱ्या मजल्याला एवढी कार्डं?" अध्यक्षांनी विचारलं. "कुणाला?"

"एक्क्याण्णव नंबरला."

सगळे निःशेषरावांकडे बघू लागले. निःशेषराव पोस्टमनकडे बघू लागले.

"एक्क्याण्णव चौथ्या मजल्यावर आहे!"

"साहेब, मी तुमच्याच पद्धतीनं जातो," पोस्टमन घाबरून बोटं मोजू लागला. "पाचानं जात नाही. मग सात. सात दाहे सत्तर, उरले एकवीस. सात त्रिक एकवीस. बाकी काही नाही. भाग गेला, थांबलो. दोन महिने तिथंच टाकतोय. चुकलं का माझं?"

डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली आणि दुसऱ्या मजल्याची पेटी उघडली. आतलं टपाल आपणहून बाहेर सांडलं.

"तुम्हाला माहीत होतं?" निःशेषरावांनी विचारलं.

"रोज बघत होतो," डॉक्टर म्हणाले. "पण उचललं नाही, हलवलं नाही, वाचलं नाही आणि चर्चा केली नाही. आता सचिवांची परवानगी असेल तर वाचू का?"

परवानगी कुणी दिली नाही, पण अध्यक्षांनी सगळ्यात खालचं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. संपादकांचं पत्र होतं, आणि डॉक्टरांनी ते प्रत्येक दात दिसेल इतक्या स्पष्टपणे वाचलं.

"'आपली भाजक रचना फार आवडली. एकोणीस वर्षांत आपण पाठवलेलं हे सर्वांत चांगलं कोडं. एकच किरकोळ अडचण. आपल्या स्वतःच्या घराच्या एक्क्याण्णव या क्रमांकास तेराप्रमाणेच सातानेही भाग जातो. तेवढा बदलून पंधरा दिवसांत कळवावे, म्हणजे मुखपृष्ठावर घेऊ. उत्तर न आल्यास आपली हरकत नाही असे समजून ही रचना आहे तशी, चूक शोधा या सदरात, आपल्या नावपत्त्यासह छापू. वाचकांनी उत्तरे थेट आपणांकडे पाठवावीत, अशी योजना आहे.'"

त्याच्यावर लग्नाची पत्रिका होती, "आग्रहाचं निमंत्रण" असं मेहुण्यांनी हाताने लिहिलेली. तिच्यावर मासिकाचा अंक. बाराव्या पानावर नकाशा, चोवीस घरं, निःशेषरावांचं पूर्ण नाव, आणि वर जाड अक्षरांत 'चूक शोधा'. बाकीची सगळी कार्डं होती. अध्यक्षांनी वरची तीन-चार उचलून पाहिली. सगळ्यांवर एकच उत्तर होतं. एक कार्ड तिसरीच्या आख्ख्या वर्गाने सही करून पाठवलं होतं: "काका, तेरा साती एक्क्याण्णव. पाढ्यातच आहे. पुढच्या वेळी बघून लिहा."

निःशेषरावांनी बादलीकडे हात नेला. तो अध्यक्षांनी धरला.

"थांबा. ठरलं काय होतं? सचिवांच्या नावासकट छापून आली तर रचना राहील आणि पान चौकटीत लावू. आलंय ना छापून?"

"आलंय," डॉक्टर म्हणाले. "नावासकट, पत्त्यासकट. चौकट मी करून देतो."

"नंबर बदलतो मी माझा!" निःशेषराव ओरडले.

"कुठला घेणार?"

निःशेषरावांनी मनातल्या मनात तेराचा पाढा म्हटला. शंभराच्या आत उरला होता फक्त पासष्ट, आणि त्याला पाचाने भाग जात होता. शिवाय पालिकेचा शिक्का पाच वर्षांचा होता. ते खुर्चीवर बसले. पोस्टमन अजून पोतं धरून उभा होता, रडकुंडीला आलेला.

"साहेब, माझं चुकलं असेल तर..."

"नाही," निःशेषराव म्हणाले. "तुम्ही बरोबर भागलंत."

पोतं त्यांनीच उचललं. चार मजले चढताना दोन्ही बाजूंच्या भिंतींवरचे भागाकार त्यांना दिसत होते आणि ते कुठलाही तपासत नव्हते. घरात आल्यावर त्यांनी पोतं ठेवलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. पत्नी कणीक मळत होती.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "भाजी निवडताना. तू काय सांगत होतीस?"

पत्नीने हात थांबवले. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं, हा आता मधे बोलणार आहे का याचा अंदाज घेतला आणि मग मुलांना म्हणून दाखवायची तशी, न घाई करता सुरुवात केली. "तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस. तेरा चोक बावन्न. तेरा पंचे पासष्ट. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा साती..."

आणि ती थांबली. निःशेषराव दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते.

"एक्क्याण्णव," ते म्हणाले.

"मोठ्याने."

"एक्क्याण्णव."

"तेरा काय? साती. त्यात सात आहे की नाही?"

"आहे."

"बसा," पत्नी म्हणाली. "आणि तेरापासून एकोणीसपर्यंत सगळे पाढे दहा वेळा लिहून आणा. ती कार्डं नंतर बघू."

निःशेषरावांनी कपाटातून वही काढली, समास आखला आणि लिहायला बसले.